सारजाबाईचं कुंकू

रामकिसन त्या बैठकीला जायचा तो लेकीच्या आग्रहाखातर. बायको सारजाबाई गेल्यापासून तो घरात नुसता बसून असायचा. म्हणून सुरेखानं नवऱ्याचा जुना कॅमेरा त्याच्या गळ्यात अडकवला आणि म्हणाली, "अप्पा, चार माणसांत जा. मन रमंल." मन काही रमलं नाही, पण ती चार माणसं मात्र बघायला मिळाली.

रविवारी सकाळी मुकुंदवाडीतल्या एका शिकवणीच्या वर्गात ही हौशी फोटोवाली मंडळी जमायची. ज्याची पाळी असेल त्यानं आपला फोटो पडद्यावर लावायचा. सगळ्यांनी गप्प बसून तो बघायचा. मग त्यानं त्यामागचा विचार सांगायचा. फोटो डोळ्याचं पातं लवेपर्यंत निघालेला असे, विचार मात्र चहा गार झाला तरी संपत नसे. एकानं गंजलेल्या सायकलचा फोटो आणून त्यात काळ थांबला आहे असं सांगितलं. रामकिसनला तरी नुसती सायकलच थांबलेली दिसली. म्हातारी माणसं तर यांना लई प्रिय. जितक्या सुरकुत्या जास्त तितकी वाहवा मोठी. आणि सगळं काळं-पांढरं. रंगीत माणसात विचार नसतो, अशी त्यांची पक्की समजूत होती.

रामकिसननं एकदा अंगणातल्या वेलाचा फोटो नेला होता. बैठक चालवणाऱ्या बद्रीनाथ सरांनी विचारलं, "यामागचा विचार काय, काका?"

"दोडका आलाय," रामकिसन म्हणाला. लोक हसले. तेव्हापासून तो मागच्या बाकावर बसायचा आणि मनातल्या मनात एकेकाला सोलायचा.

त्या रविवारी पाळी सुदर्शनची होती. सुदर्शन म्हणजे या मंडळींचा लाडका. कुठल्याशा स्पर्धेत बक्षीस मिळालेला, भर मे महिन्यात गळ्यात मफलर घालून फिरणारा. त्यानं फोटो लावला. दगडी पायरीवर बसलेली एक बाई, मांडीवर पुरुषाची एक चप्पल.

ती सारजाबाई होती.

रामकिसन बाकावरून पुढं वाकला. घरी भिंतीवर तिचा एक फोटो होता, पण त्याच्याकडं तो बघत नसे. आधार कार्डावरचा चेहरा कापून स्टुडिओवाल्यानं तो एका जांभळी पैठणी नेसलेल्या धडावर बसवला होता. मान सारजाबाईची, खांदे दुसऱ्याच बाईचे. शेवटच्या वर्षांतला तिचा दुसरा फोटो नव्हता. आणि इथं ती होती, आपल्या खांद्यांसकट, हसू दाबताना ओठाचा कोपरा आत घ्यायची तसा घेतलेली. हा फोटो आपल्याला पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात आलं.

"शीर्षक आहे 'मागे उरलेली वहाण'," सुदर्शन म्हणाला. "खुलताबादला दिसल्या या बाई. नवरा गेलेला. त्याची एकच चप्पल जपून ठेवलीय. ओठ बघा, हुंदका गिळतायत."

"वैधव्य किती बोलकं केलंस," बद्रीनाथ सर म्हणाले. कुणीतरी लांब सुस्कारा सोडला.

रामकिसन उठला. "ती चप्पल माझी हाय," तो म्हणाला. "आन ही माझी बायको. देवळाच्या पायऱ्या उतरताना एका चपलेचा अंगठा तुटला. दुसरी तिच्यापाशी ठिवली आन तुटकी घिऊन अनवाणी चांभाराकडं गेलो. फरशी तापलेली. मी उड्या मारत चाललो, त्याला ती हसत व्हती."

सगळ्या माना त्याच्याकडं वळल्या. मग बद्रीनाथ सर सांभाळून म्हणाले, "काका, कलाकृतीत आल्यावर व्यक्ती ही व्यक्ती राहत नाही."

रामकिसननं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तो पडद्यापाशी गेला होता. "कुंकू कुठंय हिचं?"

सुदर्शन मफलरशी खेळायला लागला. "ते जरा मोठं होतं. काळ्या-पांढऱ्यात डाग वाटत होता. आणि विषयाशी पण जुळत नव्हतं. म्हणून काढलं."

"पुसलं."

"कॉम्प्युटरवर, काका. नुसतं."

मी तुमच्या आधी जाणार, कुंकू लेवून जाणार, असं सारजाबाई येता-जाता म्हणायची आणि रामकिसन तिच्यावर खेकसायचा. शेवटी तिनं तिचं खरं केलं. तिरडीवर बायकांनी तिचं कपाळ भरून टाकलं होतं. सगळ्या आयुष्यात हट्टानं मिळवलेली तिची एवढीच गोष्ट, ती या मफलरवाल्यानं खुर्चीत बसल्या बसल्या साफ केली होती. तीही विचारासाठी.

"ती मेली तवा बी कुणी पुसलं नाय," रामकिसन म्हणाला. "मी जिता हाय ना अजून."

"परत लावून देतो, काका. दोन मिनिटांचं काम आहे."

"तू हात लावू नको. काढला तसा दे."

सुदर्शननं लॅपटॉप उघडला. एकामागून एक फोटो येत गेले, सगळे रंगीत. हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू. बहुतेक फोटोंत सारजाबाई तोंड उघडून हसत होती, बाजूच्या पडलेल्या दाताची फट दिसत होती. एकात तर कडेला रामकिसनही होता, बगळ्यासारखा एक पाय वर घेऊन.

"हे बाद केले होते," सुदर्शन पुटपुटला. "हसल्यामुळं विषय जात होता."

"मला विषय नकोय. बाद केलेले समदे दे."

बद्रीनाथ सरांना बैठकीची रीत मोडवेना. कॅमेऱ्याच्या कार्डात फोटो भरून घेऊन रामकिसन दाराकडं निघाला तसे ते म्हणाले, "काका, या निमित्तानं तुम्ही सांगा. त्या क्षणी तुमच्या मनात काय विचार होता?"

"पाय भाजत व्हते," रामकिसन म्हणाला आणि चप्पल घालून बाहेर पडला.

दुपारी त्यानं गुलमंडीच्या बाजारातून त्यातला एक फोटो मोठा करून आणला. पैठणीवाली बाई खिळ्यावरून काढली, तोंड भिंतीकडं करून कोपऱ्यात उभी केली आणि तिथं सारजाबाई लावली.

सुरेखा स्वयंपाकघरातून हात पुसत आली. फोटोजवळ जाऊन बघायला लागली. "अप्पा, हा तर हललेला हाय की."

"व्हय," तो म्हणाला. "हसत व्हती ना."