मागं फिरवायचं बटण

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो, आणि माझ्या अंगावरचं हे विणलेलं झाकण आधी काढा. लोकांना वाटतं, वस्तू झाकली म्हणजे जपली. खोटं आहे. झाकतात ते विसरायला सोपं जावं म्हणून. मी यंत्र आहे, मला कुणाची भीड नाही. जे झालं तेच सांगतो.

माझा जन्म जपानातल्या कारखान्यात झाला. पोटात कॅसेटचा कप्पा, डोक्यावर रेडिओची काठी, दोन्ही कामं एकात. सिंगापूरहून आलेल्या एका नातेवाइकाच्या पेटीतून, कपड्यांच्या घडीत लपेटलेला मी तंजावरला पश्चिम राजवीथीतल्या एका घरात पोचलो. घर मराठी. यांचे पूर्वज मराठा राजांच्या मागोमाग इथे आले. पुढे राजे गेले, हे राहिले. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ, कचेरीत इंग्रजी, अशी त्यांची रीत.

घरच्या कनकलताबाई तिरुवैयारूला गाणं शिकवायच्या. मला कापडी पिशवीत घालून रोज बसने न्यायच्या. एक ओळ वाजवायची, थांबवायची, मागं फिरवायची, पुन्हा वाजवायची. ओळ गळ्यात बसेपर्यंत सुटका नाही. त्या वर्षांत माझं फार कौतुक झालं. त्या कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून माझं हेड, म्हणजे टेप ज्यावरून घासत जाते तो भाग, पुसायच्या, तेही देवाच्या मूर्तीला हात लावावा तसं. माझ्या बटणांत मागं फिरवायचं बटण सगळ्यांत आधी झिजलं. त्याच्यावरचे बाण पुसून गेले. रेडिओला मात्र कुणी हात लावला नाही. त्याचं चाक गंजून एका जागी घट्ट बसलं.

मग देशाचे दरवाजे उघडले म्हणतात. घरात केबल आली, रंगीत टीव्ही आला, आणि मी कोपऱ्यात गेलो, झाकणाखाली. गल्लोगल्ली इंग्रजी शिकवणाऱ्या क्लासच्या पाट्या लागल्या. इंग्रजी येत नाही तो माणूसच नाही, असं त्या पाट्या न लिहिता सांगत होत्या. मला त्या पाट्यांचा राग होता, अजून आहे.

मला झाकणाखालून बाहेर काढलं ते हरितानं. कनकलताबाईंची मुलगी. शेतकीची पदवी घेतलेली, भातावरच्या रोगांचा अभ्यास करणारी. पापनाशमच्या शेतांतून गुडघाभर चिखलात उतरून रोगट रोपं आणायची. इंग्लंडच्या एका विद्यापीठानं तिला संशोधनाला जागा देऊ केली होती. अट एकच. इंग्रजीची वरच्या पातळीची परीक्षा पास व्हायची.

परीक्षेत वाचायचं आणि ऐकायचंही. वाचायला हरिता वाघ होती. तिचे वडील जयतीर्थ बँकेत होते. ते रोज इंग्रजी पेपरातला लांबलचक मजकूर कापून तिच्यापुढे ठेवत, त्यावर प्रश्न काढत आणि मनगटावरचं घड्याळ काढून शेजारी मांडत. वेळेच्या आत ती सगळी उत्तरं लिहून मोकळी. ऐकायचं म्हटलं की मात्र ती मागं पडे. इंग्रजी ती आयुष्यभर डोळ्यांनी शिकलेली. तिच्या इंग्रजी क्लासच्या राजगोपाल सरांनी सरावाच्या कॅसेटी दिल्या, आणि त्या वाजवायला मी.

आता ऐका, या घराची चूक काय झाली. या घरात ऐकणं म्हणजे पाठ करणं. हरितानं आईसारखंच केलं. एक वाक्य, थांब, मागं, पुन्हा. महिनाभरात तिला कॅसेटी तोंडपाठ झाल्या. स्टेशनवरच्या बाईचं खोकणं कुठे येतं, म्हातारा कुठे अडखळतो, सगळं पाठ. पाहुणे आले की जयतीर्थ मला मध्येच थांबवत आणि हरिता पुढचं वाक्य म्हणून दाखवी. पाहुणे माना डोलावत. "पोरगी गेलीच आता लंडनला," म्हणत आणि कॉफी पीत. मीही फुगलो होतो.

परीक्षा मद्रासला झाली. ती परत आली आणि चप्पल न काढताच आईजवळ बसली.

"काय झालें गं?" कनकलताबाईंनी विचारलं.

"अम्मा, तिथला माणूस दुसरंच काहीतरी बोलायला लागला. पहिलाच शब्द मला माहीत नव्हता. तो शब्द कुठला म्हणून विचार करत बसले, तोवर तो पुढे निघून गेला. माझा हात बाकावर बटण शोधत होता."

वाचनात तिला उत्तम गुण पडले. ऐकण्यात ती नापास झाली. विद्यापीठानं आणखी एक संधी दिली, तीच शेवटची. नाही जमलं तर जागा दुसऱ्याची.

राजगोपाल सर घरी आले. पाय पसरून बसले आणि म्हणाले, "कान बिघडलाय हिचा. घरात मराठी आणि तमिळची ही भेसळ. आजपासून घरात इंग्रजीच बोला."

मित्रांनो, माझ्या हातात असतं तर मी त्या माणसाची टेप तिथंच गुंडाळली असती. पण जयतीर्थांनी ऐकलं. घाबरलेला बाप कुणाचंही ऐकतो. दुसऱ्या दिवसापासून घरात इंग्रजी सुरू झाली, आणि सगळ्यांत आधी गप्प झाले ते आजोबा.

आजोबा म्हणजे जयतीर्थांचे वडील, नाव सीतारामराव. आयुष्यभर ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत कारकून होते. इंग्रजीत अर्ज लिहिणं त्यांना चांगलं येई, पण भूक लागली, पाय दुखतोय, हे इंग्रजीत सांगायची त्यांना सवय नव्हती. जुन्या वळणाची मराठी बोलत. हरिताची शाळा तमिळ, मैत्रिणी तमिळ, म्हणून ती लहानपणापासून घरात सगळ्यांनाच तमिळमध्ये उत्तर देई. तिला आजोबांचं म्हणणं कळे, मराठी बोलता मात्र येत नसे. दोघांचं असंच चाले, आणि छान चाले.

आता जेवताना आजोबा नुसतं "येस" आणि "नो" म्हणत. एकदा कनकलताबाईंनी विचारलं, "मोअर रसम?" तर म्हणाले, "नो. थँक्यू, मॅडम." सून हसली आणि पदरानं डोळे पुसत आत गेली.

मग मी बिघडलो. माझ्या पोटातला रबराचा पट्टा सैल झाला आणि कॅसेटमधला इंग्रज घशात गोटी अडकल्यासारखा बोलू लागला. दुपार होती. जयतीर्थ बँकेत, कनकलताबाई तिरुवैयारूला. हरितानं मला खिडकीत ठेवलं आणि बाहेर तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, आजोबांच्या शेजारी जाऊन बसली. ती रडत होती. आवाज न करता.

आजोबांनी इकडेतिकडे पाहिलं. इंग्रजीचा पहारा घरी नव्हता.

"ऐक," ते म्हणाले. "मी तुज्याएवढा होतों तेव्हां आमच्या शेतांत भात लाल पडलें. पानावर ठिपके, कणसांत दाणा नाहीं. लोक म्हणाले, देवीचा कोप. माझ्या बापानें तें ऐकलें नाहीं. त्यानें बांधावरचें गवत जाळलें, बियाणें मिठाच्या पाण्यांत घातलें, वर तरंगलें तें फेकलें, बुडालें तें ठेवलें. सगळा गांव हांसला. पुढल्या वर्षीं गांव आमच्या दारांत बियाणें मागायला आला. माझ्या बापानें सगळ्यांस दिलें. हांसणाऱ्यांस जरा ज्यास्त दिलें."

"का?" तिनं नाक ओढत विचारलं.

"लाजावेत म्हणून. मोठा वाकडा माणूस होता."

ती हसली. मग आजोबा सरकून बसले आणि परीक्षा घेणाऱ्या साहेबासारखे म्हणाले, "सांग. कुठलें बियाणें ठेवलें?"

"मुऴुगिनदु," ती तमिळमध्ये म्हणाली. बुडालं ते.

"आणि गांव कां हांसला?"

तिनं तेही सांगितलं. सगळं बरोबर.

"मीं जे शब्द वापरले ते सगळे तुला ठाऊक होते?"

तिनं मान हलवली. "इल्लै, आज्जा. बरेच नव्हते."

"मग त्यांच्यापाशीं कां नाहीं थांबलीस?"

"तुम्ही पुढे बोलत होता ना."

असं म्हणता म्हणता तिनं आजोबांकडे पाहिलं. खिडकीतून मला तिचा चेहरा दिसत होता. एखादं हरवलेलं भांडं आपल्याच हातात आहे, हे कळल्यावर माणूस असा दिसतो. न कळलेला शब्द सोडून द्यायचा आणि बोलणाऱ्याबरोबर चालत राहायचं, हे तिला येत होतं. जन्मापासून येत होतं. याच ओट्यावर शिकली होती. ज्या मराठीला राजगोपाल सरांनी भेसळ म्हटलं, तिनंच तिचा कान घडवला होता. इंग्रजी ऐकताना मात्र ती हे विसरत होती, कारण मध्ये मी होतो आणि माझं ते झिजलेलं बटण.

संध्याकाळी तिनं वडिलांना सांगितलं, "अप्पा, कॅसेटी सरांना परत करा. आणि आज्जांना बोलू द्या."

जयतीर्थ चिडले. "फेल झालीस तर?"

"झाले तर झाले. पाठ करून पास होत नाही, ते बघितलंत ना."

तिनं माझ्या रेडिओचं गंजलेलं चाक खोबरेल लावून लावून मोकळं केलं. इतक्या वर्षांनी माझ्या दुसऱ्या अर्ध्या अंगात जीव आला. सकाळी रेडिओवर परदेशातल्या इंग्रजी बातम्या, एकदाच ऐकायच्या, मग कापूस ओला करून आई पुसायची तसं माझं अंग पुसायचं आणि जे कळलं ते लिहायचं. दुपारी आजोबा. एक गोष्ट सांगायचे, पुन्हा नाही. प्रश्न मात्र फार खोचक विचारायचे. जयतीर्थसुद्धा कधी कधी दाराआड उभे राहून ऐकत. आजोबा आत न बघता म्हणत, "चोरून ऐकणाऱ्यास मार्क नाहींत."

हरिता पास झाली. फार मोठे गुण नव्हते, पण पुरेसे होते.

जायच्या आधी जयतीर्थांनी मला नवा पट्टा बसवला. हरितानं कोरी कॅसेट घातली आणि मला आजोबांसमोर ठेवलं. माझा ऊर भरून आला, मित्रांनो. आजवर मी कुणाकुणाचे आवाज वाहिले, आता या माणसाचा वाहणार होतो.

आजोबांनी हात आडवा केला. "यंत्रांत घालूं नको."

"का आज्जा?"

"घातलेंस तर मग ऐकूं म्हणशील. आतांच ऐक."

तिनं मला बंद केलं आणि जवळ सरकली. मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. म्हाताऱ्याचं खरं होतं. माझ्यात साठवलेले किती आवाज लोकांनी पुन्हा कधीच लावले नाहीत, ते मला ठाऊक आहे.

ती गेली आणि माझ्यावर पुन्हा झाकण आलं. थंडी सुरू झाल्यावर एके दिवशी कोपऱ्यावरच्या फोनच्या बूथवर तिचा फोन येणार असं ठरलं. जयतीर्थ आणि आजोबा गेले. कनकलताबाईंना ताप होता, त्या खिडकीशी, माझ्याशेजारी बसून राहिल्या. दोघे परतले तेव्हा जयतीर्थ चिडलेलेच होते.

"लाइनींत नुसती खरखर. मला अर्धें कळलेंच नाहीं. मग आज्जांना द्या म्हणाली."

"तुम्हांस कळलें, अण्णा?" कनकलताबाईंनी सासऱ्यांना विचारलं.

आजोबा सावकाश बसले. "थंडी फार आहे. दोन स्वेटर घालते. भात चिकट मिळतो, पण मिळतो. तिचा साहेब तोंडांत पान असल्यासारखा बोलतो, तरी ती ऐकत पुढें जाते. कांचेच्या घरांत भात लावलाय, त्यास कणीस आलें. आणि तुज्या तापास मिरियाचा काढा घे म्हणाली."

"त्या खरखरींत एवढें सगळें? तमिळमध्यें का इंग्रजींत?" कनकलताबाईंनी विचारलं.

"आपल्या मराठींत," आजोबा म्हणाले. "मोडकें बोलली. मला सगळें कळलें."

कनकलताबाई माझ्याकडे वळल्या. मग त्यांनी माझ्यावरचं झाकण काढलं आणि घडी करून आपल्या मांडीवर ठेवलं.

आज आजोबा नाहीत. माझ्यावर पुन्हा झाकण आलंय, पट्टा पुन्हा सैल झालाय, हेडवर धूळ आहे. मला पुसा, असं मी म्हणणार नाही. वेळ झाला तर पुसा. पण तुमच्या घरात ओट्यावर कुणी म्हातारं माणूस बसलेलं असेल आणि ते काही सांगू लागलं, तर हातातलं खाली ठेवा आणि जाऊन बसा. सगळे शब्द कळणार नाहीत. बसा तरीही. त्या माणसाला मागं फिरवायचं बटण नाही.