सिन्नर अजून आलं नाही

आमच्या नाशिकमध्ये कुणालाही फोन करून विचारा, "निघालात का?" उत्तर ठरलेलं: "अहो, द्वारका चौकात पोहोचलोच!" आणि मागे घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू येते. माझा नवरा सोमनाथ तर यात पटाईत. मला या सवयीचा मनापासून राग येतो, कारण कोण नक्की कुठे पोहोचलं हे विचारणं हीच माझी नोकरी. मी विमानतळाच्या टॉवरमध्ये बसून विमानांना वाट देते.

लोकांना वाटतं, रडार आहे म्हणजे आम्हाला सगळं दिसतं. कप्पाळ! सिन्नरच्या पलीकडे डोंगर आडवे येतात. त्यांच्यामागून कमी उंचीवर येणारं विमान पडद्यावर नसतंच. सिन्नर ओलांडलं की त्याचा टिपका उमटतो, तोही कधी दिसतो, कधी विझतो. तोवर वैमानिक वायरलेसवर सांगेल ते खरं मानायचं.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी सुयश पगारे नावाचा शिकाऊ वैमानिक एकटाच त्या बाजूने येत होता. त्याच्या मागून, पण बऱ्याच उंचावरून, आठ माणसांचं एक वेगवान विमान येत होतं आणि त्याला खाली उतरायची घाई होती.

"सिन्नर ओलांडलं," सुयश म्हणाला. म्हणजे तो पुढे निघून गेला आणि मागच्याला खाली यायला वाट मोकळी झाली.

मागच्या वैमानिकाने मला विचारलं, "पुढचं विमान दिसतंय ना तुम्हाला?"

टिपका उमटला नव्हता. आता उमटेलच, असं मनाशी म्हणत मी बोलून गेले, "दिसतंय. या खाली."

मिनिटभरात तो वैमानिक ओरडला, "पंखाखालून विमान गेलं! अगदी खालून!" दोन्ही विमानं सुखरूप उतरली, हे नशीब.

सुयश टॉवरखाली भेटला तेव्हा मी त्याला फैलावर घेतलं. "कुठलं सिन्नर ओलांडलं होतंस रे तू?" तो तर तेव्हा डोंगरांपलीकडेच होता. माझ्या अहवालाच्या शेवटी मी चांगलं ठासून लिहिलं की या मुलाला पुन्हा विमान चालवू देऊ नये. टिपक्याबद्दल मात्र एक अक्षर लिहिलं नाही.

आठ दिवसांनी आमच्या साहेबांसमोर चौकशी झाली. ध्वनिफितीवर त्याचं "ओलांडलं" होतं आणि माझं "दिसतंय" होतं. त्या उंचीवरचा टिपका असा लुकलुकता, की दिसला म्हटलं तर खोटं पाडणार कोण? तसंच सुयशचंही. ओलांडलंच होतं, असा हट्ट त्याने धरला असता तर कुणी काही करू शकलं नसतं.

तो उठला. "सर, मॅडमची चूक नाही. सिन्नर समोर दिसत होतं. आता येईलच, म्हणून ओलांडलं म्हणालो."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "चला, म्हणजे तुमचा प्रश्न मिटला." आणि ते फाईल बंद करू लागले.

मला हायसं वाटायला हवं होतं. पण चोराच्या मनात चांदणं! 'आता येईलच' हे त्याचे शब्द मला बोचत राहिले. बोलले तर टॉवरमधला माईक हातून जाणार होता. अकरा वर्षं मी त्या खुर्चीत बसले होते आणि त्या कामावर माझा जीव आहे. गप्प बसले तर सगळं त्या पोराच्या माथी जाणार होतं आणि ते मीच अहवालात लिहून ठेवलं होतं.

"साहेब, थांबा," मी म्हणाले. "टिपका मलाही दिसला नव्हता. आता येईलच म्हणून मीही दिसतंय म्हणाले. माझ्या अहवालातलं ते शेवटचं वाक्य खोडा."

साहेबांनी फाईल पुन्हा उघडली. मग म्हणाले, "गांगुर्डे मॅडम, हे आठ दिवसांपूर्वी लिहायचं होतं." त्यांनी मला चांगलंच झापलं आणि ते रास्तच होतं.

सुयशचं उड्डाण तीन महिने बंद झालं, पण परवाना वाचला. माझा माईकही तीन महिन्यांसाठी गेला आणि मला नवशिक्यांबरोबर पुन्हा बाकावर बसावं लागलं. एक नियमही झाला: टिपका डोळ्यांनी दिसेपर्यंत मागच्याला खाली सोडायचं नाही.

त्या दिवशी बाहेर जिन्यावर सुयश म्हणाला, "मॅडम, तुम्हाला सांगायची काय गरज होती?"

"तुला तरी काय गरज होती?" मी म्हणाले. आठ दिवसांनी पहिल्यांदा मला हसू आलं.

परवा मी पुन्हा खुर्चीत बसले. दहाच्या सुमाराला डोंगरापलीकडून ओळखीचा आवाज आला. मी विचारलं, "सिन्नर ओलांडलं का?"

"नाही मॅडम. समोर दिसतंय, पण अजून आलं नाही."

इतका गोड नकार मी जन्मात ऐकला नव्हता. पडदा कोरा होता. मी माईक जवळ घेतला.

"मलाही तुम्ही अजून दिसत नाही. बोलत राहा."