लालसाबांनी हरलेली कुस्ती

सोलापूर जिल्ह्यात कुठंही कुस्तीचं मैदान भरलं की माइकवर लालसाब मुलाणी हवेतच. त्यामुळं इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात कुणीतरी त्यांच्यावर पान लिहिलं, तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले. पान मात्र वाचलं नाही. आपल्यावर पान आहे, एवढंच त्यांना पुरे होतं.

वाचलं ते नातेपुत्याच्या कोंडीबाच्या नातीनं, सिद्धेश्वरीनं. तिनं ते आजोबाला वाचून दाखवलं आणि दुसऱ्याच दिवशी सत्तरीतला कोंडीबा एसटीनं सोलापूरला येऊन लालसाबांच्या दारात उभा राहिला.

"लालसाब, तू मला कधी पाडलंस रं?"

पानावर लिहिलं होतं, 'ऐन उमेदीत त्यांनी नातेपुत्याचे कोंडीबा पैलवान यांना दोन मिनिटांत चितपट केले.'

लालसाब भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघू लागले. खरी गोष्ट उलटी होती. हलगीवाल्यानं नीट ताल धरायच्या आत कोंडीबानं त्यांना आभाळ दाखवलं होतं. त्या दिवशीच लालसाबांनी लंगोट सोडला आणि पुढं माइक धरला.

"कुणी लिहिलं असलं काय ठाऊक," ते पुटपुटले आणि त्यांनी मुलीला हाक मारली. कौसर शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. तिनं पाच मिनिटांत वाक्य दुरुस्त केलं. कोंडीबाचा चहा संपेपर्यंत जुनं वाक्य परत जागेवर! खाली कुणा संपादकाची सूचना : संदर्भ द्या.

कौसरनं लिहिलं, 'ते स्वतः सांगताहेत. माझ्या शेजारीच बसलेत.'

उत्तर आलं, 'स्वतःचं सांगणं चालत नाही. छापील पुरावा हवा. आधीच्या वाक्याला तो आहे.'

कौसरनं तो पुरावा उघडला. एका साप्ताहिकातली जुनी मुलाखत निघाली. वर पिळदार मिशांच्या लालसाबांचा फोटो आणि खाली त्यांच्याच तोंडून कोंडीबाला कसं उचललं, कसं आपटलं, याचं डावासकट वर्णन.

स्वयंपाकघरातून त्यांची बायको कमरुन्निसा म्हणाल्या, "मैं तबीच बोली थी, जरा कम बोलो!"

कोंडीबा भांडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता टोपी हातात फिरवत राहिला. "पैलवान, सांगाय माज्याकडं एवडी एकच कुस्ती हाय. बाकीच्या मी हरलोच की. आता नात म्हणती, आजोबा थापा मारत्यात."

लालसाबांनी ती टोपी घेऊन त्याच्या डोक्यावर ठेवली. "कोंडीबा, येत्या रविवारी नातीला घेऊन अक्कलकोटच्या मैदानाला ये. पेपरवाले असतात तितं."

रविवारी शेवटच्या कुस्तीआधी त्यांनी माइक तोंडाशी धरला. हजारो माणसांना गप्प करणारा आवाज आज जरा हळूच निघाला. "मंडळी, एक जुना निकाल सांगायचा राहिलाय. ह्या कोंडीबानं मला पाडलंय. मीच खोटं बोललो होतो."

शिट्ट्या, टाळ्या आणि हलगीचा कडकडाट. कुणीतरी कोंडीबाला खांद्यावर घेतलं. सिद्धेश्वरी मोबाइल उंच धरून ओरडत होती, "माजा आजा हाय त्यो!"

दुसऱ्या दिवशी पेपरात ठळक बातमी आली : 'जिंकलेली कुस्ती मित्राच्या नावावर! लालसाबांचं मोठं मन.'

कौसरनं कपाळाला हात लावला. संध्याकाळी पाहिलं तर पानावरचं जुनं वाक्य तसंच होतं. त्याखाली भर पडली होती, 'ते अत्यंत विनम्र असून स्वतःचा विजयही प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकतात.'

कमरुन्निसा पदर तोंडात धरून हसत सुटल्या. लालसाबांनी भीतभीत कोंडीबाला फोन लावला.

"जाऊ दे रं ते पान," कोंडीबा खुशीत होता. "हितं नात गावभर सांगत सुटलीय. तालमीतली पोरं रोज येत्यात, लालसाबला कुटला डाव टाकला म्हणून इचारत्यात."

"मग काय सांगतोस?"

कोंडीबानं आवाज खाली आणला. "डावच सांगतो की. तुजा पाय घसरला हुता, ते न्हाय सांगत."

लालसाब ताडकन उभे राहिले. पाय घसरला होता? इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, आपण कच्चे पडलो! कौसरला हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं. समोर कमरुन्निसा कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

लालसाब हळूच खाली बसले.

"नगं सांगू," ते फोनमध्ये म्हणाले. "डाव लई झ्याक होता तुजा."