परदेशी झीलकरी

दर्पण कॉलनीतल्या आमच्या घरी कीर्तन रंगात आलं होतं आणि आतल्या खोलीत सूनबाई मंजिरी, शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या नियामक संस्थेतली अधिकारी, परदेशी नियामकांशी व्हिडिओवर बोलत होती. गुंतवणूकदारांना फसवून पळालेल्यांची माहिती एकमेकांना द्यायचा करार त्यांच्यातल्या एका बाईंपाशी अडला होता. मी प्रसादाचे पेढे घेऊन आत गेले.

"हे गाणं कसलं?" बाईंनी विचारलं.

"कीर्तन. बुवांचा दम संपला की मागचे झीलकरी तीच ओळ उचलतात," मंजिरी म्हणाली. "चोर सीमा ओलांडतो तिथे आमचा दम संपतो. पुढची ओळ तुम्ही उचला."

बाई खळखळून हसल्या आणि हो म्हणाल्या.

तेवढ्यात बुवांनी गजर धरला. पडद्यावरच्या सगळ्या देशांनी टाळ्या सुरू केल्या.

"आई, ही मंडळी तर तालात आहेत," मंजिरी म्हणाली.

मी पेढ्यांचं ताट पडद्यापुढे धरलं.