न येणारी गिऱ्हाइकं

मास्तरांना कुणी चपलांचा दुकानदार म्हटलेलं खपत नसे. ते एकाच प्रकारचे बूट शिवत: जन्मतः पावलं आत वळलेल्या मुलांचे. डॉक्टर प्लास्टर घालून पाऊल सरळ करतात, पण पाऊल हट्टी असतं. मोकळं सोडलं की ते पुन्हा मूळ वळणावर जातं. त्याला चार-पाच वर्षं धाकात ठेवणारा बूट मास्तरांकडे मिळे. मूल वाढतं तसं पाऊलही वाढतं, म्हणून ठरावीक महिन्यांनी नवं माप घ्यायचं. माप चुकलं तर तो बूट राहत नाही, बेडी होते, असं ते प्रत्येक आईबापाला बजावत.

हल्ली मात्र त्यांचं मन कामावरून उडालं होतं. बायको गेली, बाजारात तयार बूट आले आणि शेजारचा पडदेवाला जागेवर डोळा ठेवून बसला. महिनाअखेरीला त्याला होकार द्यायचा, असं मास्तरांनी ठरवून टाकलं होतं. धाकटी लेक चांगली नोकरी सोडून हे काम शिकायला आली होती, पण ते तिला हत्याराला हात लावू देत नव्हते.

"बुडत्याचा पाय खोलात. त्यात तुझा कशाला?" ते म्हणत. "माणसं न्हाव्याकडे जन्मभर जातात, शिंप्याकडे जातात. माझ्याकडचं गिऱ्हाईक चार-पाच वर्षांत जातं ते परत तोंड दाखवत नाही. एक टिकलं नाही गं. असा धंदा कुणी पोरीच्या गळ्यात मारतं का?"

निदान कॉम्प्युटर तरी माझ्या हाती द्या, एवढंच धाकटी म्हणाली. तो त्यांनी आनंदाने दिला, कारण त्याच्याशी त्यांचा उभा दावा होता.

कॉम्प्युटरमध्ये गिऱ्हाइकांचं सॉफ्टवेअर होतं. आईने हयात असेपर्यंत त्यात एकूण एक मूल नोंदवलं होतं, आईबापांच्या ईमेलसकट. धाकटीने ते मेलच्या प्रोग्रामशी जोडायचं ठरवलं, म्हणजे मापाची आठवण ज्याला त्याला आपोआप जाईल. जोडण्याआधी सॉफ्टवेअरने विचारलं: सगळेच पत्ते पाठवायचे, की गाळून? तिने चाळणी लावली. शेवटचा बूट दोन वर्षांच्या आत नेला असेल, त्यांचीच नावं पलीकडे जावीत; बाकीचे, ज्यांना सॉफ्टवेअर 'निष्क्रिय' म्हणत होतं, ते राहू देत इथेच. बटण दाबून ती चहा करायला उठली.

चहाचा कप हातात घेऊन ती परतली तेव्हा उत्तरं यायला लागली होती. पहिलं उत्तर वाचून तिने कप खाली ठेवला. 'मुलाच्या पायाचं माप घ्यायला या, असं तुम्ही लिहिलंय. मुलगा सध्या जहाजावर आहे. जहाज बंदराला लागलं की पाठवते.'

चाळणी उलटी लागली होती. दोन वर्षांपूर्वीच्या तारखेच्या 'नंतर' म्हणायच्या जागी तिने 'आधी' निवडलं होतं. आत्ताची मुलं इकडेच राहिली आणि गेल्या कित्येक वर्षांतली, कधीच निघून गेलेली सगळी तिकडे गेली. शिवाय प्रत्येकाच्या घरी निरोप पोचला की आपल्या बाळाला माप द्यायला आणा.

"अक्कल गहाण ठेवलीस का?" मास्तर कडाडले. "लोक हसतील. म्हातारा चळला म्हणतील. काय लिहिलंय त्यांनी? वाच."

ती भीतभीत वाचू लागली. एका बापाने लिहिलं होतं की पोरीच्या पायाला आता मोठ्यांचे बूट लागतात, आणि ती ते दर वर्षाला झिजवते, कारण डोंगर चढण्याचं खूळ आहे. एक जण नाच शिकवत होता. कुणाच्या तरी आजीने विचारलं होतं, मास्तर अजून तसेच खेकसतात का? एका बाईने कडक शब्दांत कळवलं होतं की बुटांनी काही झालं नाही, शेवटी ऑपरेशन करावं लागलं, पुन्हा लिहू नका. ते मास्तरांनी दोनदा वाचायला लावलं आणि नुसती मान हलवली.

मग आलं ते उत्तर चारच ओळींचं होतं. 'मुलीला आत्ता विचारलं. म्हणाली, कसले बूट? आपलं पाऊल कधीकाळी वाकडं होतं हे तिला ठाऊकच नाही. आम्हीही सांगायचं विसरून गेलो होतो.'

पडद्यावर नावं खाली खाली सरकत होती, संपत नव्हती, आणि प्रत्येकापुढे 'निष्क्रिय' लिहिलेलं होतं. हे सगळे कुठे ना कुठे आत्ता चालत होते. जिने चढत होते, बसमागे धावत होते, आणि आपण चालतोय हे त्यांच्या मनातही नव्हतं. एवढी माणसं या एवढ्याशा खोलीतून चालत बाहेर पडली, या विचाराने ती थक्क होऊन बसून राहिली. मास्तरांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि तेही नावं पाहू लागले.

दुपारी दारात एक उंचापुरा वायरमन उभा राहिला. कमरेला पक्कड आणि चेहऱ्यावर संकोच होता.

"आईचा फोन आला," तो म्हणाला. "मास्तरांनी माप द्यायला बोलावलंय, आत्ताच्या आत्ता जा म्हणाली. मी पलीकडच्या खांबावर होतो, म्हणून आलो. खरं म्हणजे मला काही समजलं नाही."

धाकटी माफी मागणार होती. तेवढ्यात मास्तर म्हणाले, "बूट काढ. दारापर्यंत जा आणि परत ये."

तो अनवाणी चालला. मास्तर खाली वाकून बघत राहिले. त्यांनी बूट चढवलेलं पाऊल जेमतेम वीतभर असायचं; पूर्ण वाढलेलं त्यांनी एकही पाहिलं नव्हतं. त्यांनी त्याला स्टुलावर बसवलं, पाऊल मांडीवर घेतलं आणि आतल्या कडेवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"इकडे ये," शेवटी ते लेकीला म्हणाले. "बस खाली. अंगठा इथे ठेव आणि दाब. हे पाऊल इथेच कुठेतरी आत वळलं होतं. नेमकं कुठून, ते शोध."

तिने टाचेपासून अंगठ्यापर्यंत चाचपलं. पोटरी जराशी बारीक होती, बाकी हाडं आपापल्या जागी शहाण्यासारखी बसली होती. वायरमनला गुदगुल्या होत होत्या, पण तो दात दाबून बसला.

"सापडत नाही, बाबा."

"नीट शोध."

"खरंच नाही सापडत."

"मलाही नाही सापडलं," मास्तर म्हणाले. त्यांनी बाहीने डोळे पुसले आणि तिचा अंगठा त्या पावलावर तसाच धरून ठेवला. "पडदेवाल्याला सांग, जागा रिकामी नाही. आणि सोमवारी एक तान्हं यायचंय. वळलेलं पाऊल हाताला कसं लागतं, ते तेव्हा दाखवतो."