पापलेटच्या वासाच्या गोळ्या

सुहाचा हात आज पुन्हा दचकला आणि जमालुद्दीनचं टाळकं पुन्हा सरकलं. आता माणसाने सांगायचं तरी किती? पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं म्हटलं तरी त्याला काही हद्द असते की नाही?

बहरीनमध्ये सखीरकडे, वस्तीपासून लांब, नेमबाजीचा एक खाजगी क्लब आहे. जमालुद्दीन तिथे बावीस वर्षं आहे. दापोलीहून आला तेव्हा नुसता बंदुका पुसायचा. पुसता पुसता नेम धरायला शिकला, मग दुसऱ्यांना शिकवायला लागला, आणि आता सगळे त्याला उस्ताद म्हणतात. हा शब्द कुणी हाक मारताना विसरलं, तर त्याला दिवसभर चैन पडत नाही.

सुहा त्याची शागीर्द. एकोणीस वर्षांची बहरिनी पोरगी, तिथल्याच युनिव्हर्सिटीत शिकणारी. नजर घारीची. पण चाप ओढला रे ओढला की बार उडायच्या आधीच तिच्या रिव्हॉल्व्हरचं तोंड खाली जायचं, आणि गोळी टार्गेटच्या पायथ्याशी. चार महिने हेच चाललं होतं. "आवाजाला घाबरतेस तू," जमालुद्दीन रोज म्हणायचा. ती मान खाली घालून ऐकून घ्यायची.

रविवारी मॅनेजर नजीबने त्याला केबिनमध्ये बोलावलं. "उस्ताद, गुरुवारी मी स्वतः बघायला उभा राहणार. सुहाच्या पाचच्या पाच गोळ्या काळ्या वर्तुळात पाहिजेत. नाहीतर तुमचं शिकवणं खलास. नवा कोच तयार आहे. तुम्ही परत स्टोअर सांभाळा."

स्टोअर म्हणजे फडकं आणि तेलाची बाटली. बावीस वर्षांनी परत फडकं हातात घ्यायचं, या विचाराने जमालुद्दीन ताट अर्धवट टाकून उठला.

मग त्याला मेणाच्या गोळ्या आठवल्या. जुना उपाय. काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीत दारू नाही, शिसं नाही, तोंडाशी नुसती मेणाची गोळी. बुडाची टिकली तेवढी फुटते, पोरांच्या दिवाळीतल्या टिकलीएवढा आवाज होतो, आणि चार पावलांवरच्या कागदावर मेणाचा ठिपका उमटतो. धक्का नाही, धमाका नाही. हात दचकायचं कारणच उरत नाही. नजीबला विचारून त्याने पिशवीभर रिकाम्या पुंगळ्या घरी, माहूज भागातल्या फ्लॅटवर आणल्या. टिकल्या क्लबातच बसवायच्या होत्या.

"अर्शदचे अब्बा, ह्यो काय पसारा मांडलाव?" त्याची बायको खदिजा किचनच्या दारात उभी राहिली. तिच्या केकच्या ट्रेमध्ये मेणबत्त्या वितळत होत्या.

"नोकरीचं काम हाय. गप ऱ्हव."

"नोकरी क्लबात करा की. माझ्या ट्रेची का माती करताव?"

मेण थिजलं, जमालुद्दीनने त्यात पुंगळी दाबली, आणि मेणाचा तुकडा पडला. दुसरी दाबली, भेग गेली. चाळीस पुंगळ्यांत धड गोळ्या सहा. बोटं भाजली ती वेगळीच.

सोमवारी त्याने अत्तरवाल्याकडून मधमाशीचं मेण आणलं. ते मऊ, लोण्यासारखं. पन्नास गोळ्या झक्क जमल्या. मंगळवारी डब्यात भरून गाडीत ठेवल्या, वाटेत दुपारच्या नमाजाला मशिदीत शिरला, वीस मिनिटांत बाहेर आला. बाहेर ऑगस्टचं ऊन. डबा उघडून बघतो तर मेण तळाशी पातळ झालेलं आणि त्यात पुंगळ्या लोळताहेत. जमालुद्दीनने गाडीच्या छतावर मूठ आपटली, आणि छत तापलेलं होतं म्हणून हातही भाजून घेतला. मंगळवार गेला तो गेलाच.

संध्याकाळी तो सोफ्यावर तोंड पाडून बसला, तेव्हा खदिजाच बोलली. "दोन्ही मेणं एकत्र करा. आणि नेताना माझा मासळीचा कूल बॉक्स न्या. बर्फ घाला त्यात. येवढी साधी अक्कल नाय तुमाला?"

दोघं रात्रीच्या जेवणाआधी ट्रे घेऊन बसली. तिने मेण ओतलं, त्याने पुंगळ्या दाबल्या. साठ गोळ्या, एकही फुटकी नाही.

बुधवारी सुहाने पहिली गोळी हातात घेऊन हुंगली. "उस्ताद, याला मासळीचा वास येतोय."

"पापलेट. तू नेम धर."

तिने चष्मा चढवला, हात लांब केले, चाप ओढला. टिक. नळीचं तोंड खाली गेलं आणि मेणाचा ठिपका कागदाच्या पायथ्याशी चिकटला. दुसरी गोळी तशीच. सहाच्या सहा तशाच.

जमालुद्दीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं, मेण आहे ते! बार नाही, धक्का नाही, आता घाबरतेस तरी कशाला?"

"मी घाबरत नाही," सुहा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज ठाम होता. "कधीच घाबरले नाही. तुम्ही रोज म्हणता म्हणून ऐकून घेते."

"मग हात का खाली जातो?"

"तुम्ही दाखवता तसंच करते मी."

"मी दाखवतो तसं? आण इकडे." त्याने रिव्हॉल्व्हर घेतली, सहा गोळ्या भरल्या. सुहाने मोबाइल समोर धरला. शूटिंग करून घरी बघायची तिची रोजचीच सवय. टिक, टिक, टिक. सहाही ठिपके काळ्यात. "बघितलंस?"

"बघते की रोज." तिने मोबाइल त्याच्या हातात दिला.

व्हिडिओत एक पिकल्या दाढीचा माणूस होता. त्याने नेम धरला, टार्गेटपेक्षा बोटभर वर. चाप ओढताना त्याचा खांदा आखडला, हात दचकला, नळी खाली आली, आणि गोळी बरोबर काळ्यात लागली. सहाही वेळा तसंच. जमालुद्दीनने व्हिडिओ मागे नेला, पुन्हा बघितला, मग आणखी एकदा. आपण नेम वर धरतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. इतक्या वर्षांत अंगाने गुपचूप हिशेब जुळवला होता. पोरीने दचकणं तेवढं उचललं होतं.

"मला वाटलं, तेही शिकवण्यातलंच आहे," सुहा हळूच म्हणाली.

जमालुद्दीन बाकावर बसला. त्याला भयंकर शरम वाटली. या चार महिन्यांची तर वाटलीच, पण आधीच्या कितीतरी पोरांना त्याने भित्रं म्हणून घरी पाठवलं होतं, त्यांचीही वाटली. त्यांतल्या निम्म्यांची नावंसुद्धा आता आठवत नव्हती.

"यल्ला, चल," म्हणत तो उठला. "माझ्याकडे बघायचं नाही. मी मागे उभा राहतो, भिंतीकडे तोंड करून. तू आणि तो कागद, बास."

उरलेल्या गोळ्या तिने एकेक करून उडवल्या. जमालुद्दीनने भिंतीकडे बघत नुसती टिकटिक ऐकली. मेण संपलं तेव्हा शेवटचे नऊ ठिपके काळ्यात होते.

गुरुवारी नजीब आला. खरी काडतुसं, खरा बार. सुहाने पाच गोळ्या मारल्या, पाचही काळ्यात. हात खांबासारखा स्थिर.

नजीबने जमालुद्दीनच्या पाठीवर थाप मारली. "उस्ताद ते उस्तादच. रविवारी नवी बॅच येतेय. पहिल्या दिवशी तुम्हीच नेम धरून दाखवा."

सुहा जमिनीकडे बघत होती. ती काही बोलणार नव्हती, हे जमालुद्दीनला कळलं. तो गप्प बसला असता, तर जन्मभर कुणाला पत्ता लागला नसता.

"सुहा दाखवेल," तो म्हणाला. "माझा हात दचकतो. हिचाही माझ्यामुळेच दचकत होता."

नजीबने त्याच्याकडे नीट बघितलं, मग स्वतःच्या मोबाइलकडे बघितलं. "बघू," म्हणाला, "इंशाल्ला." या इंशाल्लाचा अर्थ हो की नाही, हे जमालुद्दीनला बावीस वर्षांत कळलेलं नाही.

घरी दार उघडताच खदिजाने त्याच्या हातातला कूल बॉक्स बघितला. "पास झाली पोरगी?"

"झाली."

"मग द्या माझा डबा. मासळी आणायचीय उद्या."

"नाय. आणखी शंभर गोळ्या लागतील."

"आता कोणाला?"

जमालुद्दीनने ट्रे काढून शेगडीजवळ ठेवला. "मला," तो म्हणाला.