दुसऱ्या हाफला दमणारे लॅपटॉप

"तूच ना ती बिरागो? मोबाइलवर जरा जाड दिसतेस."

दारात पन्नाशीचा, आडव्या बांध्याचा एक माणूस उभा होता. काखेत कापडात गुंडाळलेला लॅपटॉप, चपलांवर प्रवासाची लाल धूळ.

"मीच बिरागो. आत या मामा. कुठून आलात?"

"टेचिमनहून. ट्वुमासी माझं नाव. तुझ्या शब्दावर सहा लॅपटॉप घेतले, बाई. सहाच्या सहा दुसऱ्या हाफला दमतात."

बिरागोला हसू आलं, पण तिने ते गिळलं. कुमासी शहरातल्या आडुम बाजारामागे तिची एक खोली होती. अर्ध्या खोलीत दुरुस्तीचं टेबल, अर्ध्या खोलीत बिछाना. परदेशातून वापरून आलेले, सामान्य माणसाला परवडतील असे गेम खेळायचे लॅपटॉप ती तपासायची, उघडून दाखवायची, त्यात काय घातलं की ते आणखी पळतील ते सांगायची, आणि हे सगळं तिथल्या ट्वी भाषेत, बाजारात भाव करावा तशा थाटात. तीन वर्षांत हजारो लोक तिचे व्हिडिओ बघू लागले होते. 'बिरागो म्हणाली' एवढ्यावर माल खपायचा. बाजारातला मोठा व्यापारी बारिमा तिला तपासायला लॅपटॉप उसने द्यायचा तो उगीच नाही. मामाचे सहाही लॅपटॉप त्याच्याच दुकानातले होते.

ट्वुमासीमामाने पंचवीस वर्षं ट्रक हाकला होता. शेजारच्या बुर्किना देशातून टोमॅटो भरून आणायचे, इकडून याम नावाचे कंद न्यायचे. पाठीने दगा दिला तेव्हा ट्रक विकून त्याने टेचिमनच्या बाजाराशेजारी खेळायचा हॉल काढला. टॅक्सीवाले, न्हावी, यामवाल्या बाया, दवाखान्यातली एक नर्स, सगळे शनिवारी तिथे लॅपटॉपवर फुटबॉलची स्पर्धा खेळायचे. वीस मिनिटांचा एक हाफ, असे दोन. एक मिनिट कमी नाही की जास्त नाही, मामाचा नियम कडक होता.

"पहिल्या हाफला खेळाडू हरणासारखे पळतात," मामा म्हणाला. "दुसऱ्या हाफला चिखलातून चालल्यासारखे. गेल्या शनिवारी पेनल्टी मारायला गेलेला खेळाडू चेंडूपाशी पोचेपर्यंत नर्सबाई पाणी पिऊन आली. लोक म्हणतात, मामाने म्हाताऱ्या मशिनी आणल्या."

बिरागोने लॅपटॉप टेबलावर घेतला. मामाने चार्जर आणला नव्हता, म्हणून तिने आपल्याकडचा लावला. पूर्ण चाळीस मिनिटं सामना चालवला. यंत्र शेवटच्या शिट्टीपर्यंत सुरळीत चाललं.

"मामा, याला काहीच झालेलं नाही."

मामाचा चेहरा पडला. "म्हणजे मी खोटं बोलायला सकाळी पाचची बस धरली?"

"तसं नाही म्हटलं मी."

"मग माझ्या हॉलमध्ये ये. इथे तुझ्याकडे गार हवेचं यंत्र आहे. माझ्याकडे पत्रा आहे."

हे तिला लागलं. खरंच, ती सगळी यंत्रं याच गार खोलीत तपासत आली होती, आणि तीही पंधरा-पंधरा मिनिटं. व्हिडिओ लांबला की लोक कंटाळतात म्हणून. तिने स्क्रूड्रायव्हरांचा डबा, उष्णता ओढून घेणाऱ्या लेपाची नळी आणि कपाटातल्या मेमरीच्या सहा पट्ट्या पिशवीत भरल्या. गुरुवारी ती टेचिमनला पोचली.

फेब्रुवारीचं ऊन. हॉलच्या पत्र्याखाली उभं राहिलं की टाळू तापायची. वाळवंटाकडून धूळ आणणारं हरमॅटनचं वारं अजून सरलं नव्हतं, लॅपटॉपच्या पंख्यांतून पिठासारखी धूळ निघाली. बिरागोच्या जिवात जीव आला. दुखणं सापडलं! तिने सहाही यंत्रं उघडली, पंखे झाडले, सुकून खडा झालेला जुना लेप खरवडून नवा लावला, प्रत्येकात मेमरीची दुसरी पट्टी बसवली. संध्याकाळी मामाच्या बायकोने याम आणि पाल्याचं कालवण वाढलं तेव्हा बोटांना फोड आले होते, पण ती खुशीत होती.

"उद्या बघा," ती म्हणाली. "घोडे होतील घोडे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा यंत्रांवर सहा सामने लागले. पहिला हाफ असा पळाला की न्हाव्याने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या हाफच्या आठव्या मिनिटाला कोपऱ्यातलं यंत्र अडखळलं. मग दुसरं. मग बाकीची, एकामागून एक.

"घोडे बसले," नर्सबाई म्हणाली, आणि हॉलमध्ये हशा पिकला.

बिरागोच्या कानाच्या पाळ्या तापल्या. परतीची बस दोन वाजता होती. मामाने तिची पिशवी उचलून हातात दिली आणि मऊ आवाजात म्हणाला, "तू केलंस तेवढं कुणी करत नाही. जा तू. मी आता हे विकून टाकतो."

"विकायचं नाव काढू नका," ती म्हणाली आणि पिशवी खाली ठेवली. "मी सांगितलं म्हणून घेतलेत ना? मग कळल्याशिवाय मी हलत नाही."

तिने पुन्हा सामना लावला. या वेळी खेळाकडे बघायचंच नाही असं ठरवून ती पडद्याच्या कडेचे आकडे बघत बसली. उष्णता ठीक. पंखे ठीक. मेमरी भरपूर. मग तिची नजर बॅटरीच्या खुणेवर गेली. चार्जर लावलेला होता, दिवा पेटलेला होता, आणि तरी बॅटरी उतरत होती. साठ. पन्नास. चाळीस. तिशीला आली आणि यंत्र लंगडू लागलं.

ती खाली वाकली आणि चार्जर उलटा करून त्याच्यावरची बारीक अक्षरं वाचली. नव्वद वॉट. तिने तपासलेल्या यंत्राबरोबर बारिमाने दिलेला चार्जर दीडशेचा होता. तोच तिने खोलीवर मामाच्या यंत्राला लावला होता, म्हणून तिथे ते शहाण्यासारखं वागलं. इथे यंत्राला भूक मोठी आणि ताट लहान. उणं पडेल ते बॅटरीतून खायचं, आणि बॅटरी आटली की बसायचं.

"मामा," ती जमिनीवर बसूनच म्हणाली, "तुमच्या मशिनी म्हाताऱ्या नाहीत. उपाशी आहेत."

शनिवारी सकाळी ती थेट बारिमाच्या दुकानात गेली. तो केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे गोळे, आणि तळलेला मासा खात होता. त्याने तिलाही बसायला सांगितलं, पण ती बसली नाही.

"मला दीडशेचा चार्जर दिलात आणि गिऱ्हाइकांना नव्वदचे?"

"मोठे चार्जर वेगळे विकले जातात," बारिमा शितोच्या तिखट चटणीत बोट बुडवत शांतपणे म्हणाला. "आणि काय गं, तुझ्या व्हिडिओत चार्जरचा एक शब्द आहे का? मी दहा वेळा ऐकलाय. पडदा, कळा, पंखा, मेमरी. चार्जर नाही. तू जे दाखवलंस ते मी विकलं. त्यात माझं काय चुकलं?"

व्हिडिओ तिलाही पाठ होता. चार्जर उलटून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं, आणि ते तिने दिलं नव्हतं.

"माझी चूक मी सांगीन," ती म्हणाली. "तुमची पण सांगीन."

बारिमाने हात धुतले. "सांग. मग या बाजारातून तुला तपासायला एक स्क्रू मिळाला तर माझं नाव बदल. पोरी, मी तुला मुलीसारखी मानतो म्हणून सांगतो. असल्या गोष्टी लोक आठवड्यात विसरतात."

"मामा विसरणार नाही."

"कोण मामा?"

"टेचिमनचा."

तिने व्हिडिओ खोलीत केला नाही. पुढच्या बुधवारी ती पुन्हा मामाच्या हॉलमध्ये गेली, भर दुपारी, पत्र्याखाली. शेजारी शेजारी दोन यंत्रं ठेवली, एकाला लहान चार्जर, दुसऱ्याला मोठा. पूर्ण चाळीस मिनिटं, काहीही न कापता. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत होता तो तिने पुसला नाही. लहान चार्जरचं यंत्र अडखळलं तेव्हा ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "हे यंत्र मी चांगलं म्हणाले होते. यंत्र चांगलंच आहे. पण मी ते गार खोलीत पंधरा मिनिटं चालवलं आणि चार्जर बघितलाच नाही. ज्यांनी माझं ऐकून ते विकत घेतलं त्यांची मी माफी मागते. घरी जा, चार्जर उलटा करा, आकडा वाचा. नव्वद असेल तर दुकानात न्या आणि विचारा, की बिरागोला दिला तो आम्हाला का नाही."

त्याच संध्याकाळी तिने व्हिडिओ लोकांपुढे टाकला.

शिव्या आल्या. 'इतके दिवस झोपली होतीस का?' 'पैसे खाल्लेस आणि आता साळसूद.' तिने प्रत्येकाला उत्तर दिलं, दोन दिवस हेच केलं. सोमवारी बारिमाच्या दुकानापुढे तीस-चाळीस माणसं हातात चार्जर घेऊन उभी राहिली. आठवडाभर तो त्यांच्यावर ओरडला. मग ज्यांच्याकडे पावती होती त्यांना त्याने मुकाट्याने चार्जर बदलून दिले. मामाकडे चारच पावत्या सापडल्या, म्हणून सहापैकी चारच मिळाले. उरलेल्या दोन यंत्रांसाठी बिरागोने दुरुस्तीच्या टेबलाखालचे जुने ढीग उपसले, एक तिथे मिळाला, एक तिने स्वतःचा दिला.

बारिमाने मात्र शब्द पाळला. आडुममधला एकही दुकानदार तिला यंत्र देईना. मार्च कोरडा गेला. ती दुरुस्तीवर राहिली, तुटलेल्या बिजागऱ्या आणि मेलेल्या कळा. आईने विचारलं, "आता तरी बँकेतल्या नोकरीचा अर्ज भरतेस का?" तिने नाही म्हटलं. मनात मात्र दोन-तीनदा हो आलं.

एप्रिलच्या सुरुवातीला सुन्यानी गावाहून एका दुकानदार बाईचा फोन आला. आवाज करारी.

"मी मॅडम अंपोमाह. बारा लॅपटॉप आणलेत, अजून एकही विकलेला नाही. तू ये आणि आधी माझ्या तोंडावर शिव्या घाल, मग जगाला सांग. जमेल?"

"तुमच्या दुकानाला पत्रा आहे की स्लॅब?"

"पत्रा. का?"

"छान," बिरागो म्हणाली. "पहाटेच्या बसने निघते. चार्जर खोक्यातून काढून ठेवा, सगळे बारा."